अप्पा येण्याआधीची सुरक्षाव्यवस्था

४ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. रोज लिहायची. कारणही तसंच आहे. अप्पा कायमचे माझ्याकडे राहायला येणार!

काल त्यांनी स्वतःच दादाला सांगितलं, मी आता धाकट्याकडे जातो. दादा म्हणतो, कारण जिने. त्याचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अप्पांना दमा. आमचं घर तळमजल्यावर. म्हणजे दादाच्या मते अप्पांनी मला नाही, तळमजल्याला पसंत केलं. असू दे. ज्या माणसाने जन्मभर कारखान्यात बॉयलर सांभाळला त्याला कुठला मुलगा भरवशाचा हे कळायला जिने चढून बघावे लागत नाहीत. लहानपणापासून दादाला बघ, दादाकडून शीक, हेच ऐकत आलो. पन्नाशीला का होईना, निकाल लागला.

एक मार्चला येणार. आतली छोटी खोली त्यांना. दादा फोनवर म्हणाला, घर नीट बघून घे, अप्पांना धूर अजिबात चालत नाही, आणि तुझा तो टोस्टर... मी फोन ठेवला. टोस्टरचा विषय त्याला सोडवत नाही. पडद्याला किंचित झळ लागली होती. पडदा तसाही बदलायचाच होता.

संकल्प: एक मार्चपर्यंत आपलं घर या भागातलं सर्वांत सुरक्षित घर करायचं.

६ फेब्रुवारी

काय योगायोग! ऑफिसात आज अग्निसुरक्षेचं ट्रेनिंग. सकाळी ‘आग कशी टाळावी’, दुपारी ‘आग लागलीच तर, आणि त्यानंतर’. सकाळचं सत्र संपूर्ण ऐकलं. मधला थोडा भाग फोन आल्यामुळे बाहेर उभं राहून ऐकला. दुपारी बसलो नाही. आग लागूच द्यायची नाही असं ज्याने ठरवलंय त्याने ‘त्यानंतर’ ऐकून करायचं काय? रेकॉर्ड रूममध्ये जरा आडवा झालो. सर्टिफिकेट सगळ्यांना मिळालं. लॅमिनेट करून घेणारा मी एकटाच.

घरी येऊन हिला दाखवलं. ही म्हणाली, छान, आता आतल्या खोलीतला तो प्लग बघा, ठिणगी उडते. मी म्हटलं, आधी धोरण ठरू दे, मग प्लग.

८ फेब्रुवारी

खरेदी झाली. फायर एक्स्टिंग्विशर, धूर ओळखणारा अलार्म, आगीवर टाकायचं ब्लँकेट, इमर्जन्सी दिवा, दोन मोठे टॉर्च आणि मेगाफोन. दिवे वगैरे सगळे चार्जिंगचे. सेल बदलत बसायला वेळ कोणाला आहे?

हिने एकेक वस्तू हातात घेऊन बघितली. मेगाफोनपाशी थांबली. म्हणाली, चार खोल्यांत मेगाफोन कशाला, तुमचा साधा आवाज गच्चीपर्यंत जातो. आणीबाणीत सूचना स्पष्ट जाव्या लागतात हे हिला कोण समजावणार?

एक्स्टिंग्विशर हॉलमधल्या कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. उघड्यावर ठेवला तर येणारा-जाणारा उगाच दाबून बघणार. किल्ली सदैव माझ्या खिशात. अलार्म मधल्या पॅसेजच्या छताला लावला. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला अप्पांची खोली. जागा निवडायलाही डोकं लागतं.

९ फेब्रुवारी

अलार्म उत्तम. जरा जास्तच उत्तम. हिने बटाटे परतायला घेतले, वाजला. पाव भाजला, वाजला. मग दूध उतू गेलं, तेव्हाही वाजला. (तो वाजल्यामुळे दचकून दुधाकडे दुर्लक्ष झालं, असं हिचं म्हणणं.) वरच्या काकू चप्पल न घालता खाली धावत आल्या. ही हातात झारा घेऊन माझ्याकडे नुसती बघत उभी राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली की अशा बघण्याचा अर्थ विचारायचा नसतो.

तोडगा काढला. हिची बाथरूममधली शॉवर कॅप अलार्मवर चढवली. फक्त स्वयंपाकापुरती. स्वयंपाक झाला की मी स्वतः काढणार. अगदी साधा उपाय, पण सुचावा लागतो.

१० फेब्रुवारी

कॅप काढायची राहिली. उद्यापासून नक्की.

१२ फेब्रुवारी

घरात शिस्त सुरू. शेगडीजवळ फडकं वाळत टाकायचं नाही. इस्त्री चालू ठेवून दार उघडायला जायचं नाही. रोज पाहणी, ती मी करणार. पहिल्याच पाहणीत शेगडीच्या कडेला फडकं सापडलं. हिला समज दिली. ही म्हणाली, आत्ताच तुम्ही हात पुसून तिथे टाकलंत. फडकं कोणी टाकलं याला महत्त्व नाही, सापडलं याला आहे. पाहणी यशस्वी.

कॅप अजून वरच आहे. विचार केला, दिवसातून इतक्या वेळा स्टुलावर चढायचं म्हणजे पडण्याचा धोका. तोही अपघातच की.

१४ फेब्रुवारी

आज मोठं काम मार्गी लावलं. सगळी साधनं घरभर विखुरली होती, ऐन वेळी शोधाशोध झाली असती. म्हणून अप्पांच्या खोलीत, त्यांच्या कॉटच्या उशाशी, सुरक्षा-कोपरा तयार केला. अप्पांनी नुसता हात लांबवला की सगळं हाताशी. दिवा, टॉर्च, मेगाफोन, शिवाय अप्पांसाठी आणलेलं वाफेचं मशीन. सगळं कायम प्लगला लावलेलं. कोपऱ्यात प्लग एकच, तो ठिणगीवाला. सैल होता, कागदाची घडी खुपसून घट्ट बसवला. त्यात एक एक्स्टेन्शन बोर्ड, त्या बोर्डात दुसरा. वायरींचं जंजाळ दिसायला वाईट, म्हणून त्यावर आगीचं ब्लँकेट व्यवस्थित पांघरलं. धूळ बसायला नको आणि ब्लँकेट शोधायलाही नको.

ही म्हणाली, बोर्डाला हात लावून बघा, गरम लागतोय. मी म्हटलं, गरम लागतोय म्हणजे चार्ज होतंय. थंड लागला असता तर काळजी होती.

ही उठून स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

१५ फेब्रुवारी, रविवार

दादा-वहिनी ‘सहज’ येऊन गेले. सहज कसले, तपासणीच होती. दादाने पॅसेजमध्ये मान वर केली आणि विचारलं, वर आंघोळ कोण करतं? वहिनी हसली. हीसुद्धा हसली, ते जास्त लागलं. मग त्याला एक्स्टिंग्विशर बघायचा होता. किल्ली कालच्या पँटीत राहिली होती आणि पँट लाँड्रीत. बंद कपाटही दाखवलं की, पण त्याचं समाधान होईना. सुरक्षा-कोपऱ्यातलं ब्लँकेट उचलायला गेला तेव्हा मात्र ठामपणे थांबवलं. म्हटलं, सेट केलंय, हलवू नकोस.

निघताना चप्पल घालता घालता म्हणाला, चेष्टा जाऊ दे, अप्पांच्या छातीत धूर गेला तर आपल्याला दवाखान्यापर्यंतही पोहोचता येणार नाही, एवढं लक्षात ठेव. मला सांगतोय! सर्टिफिकेट कोणाकडे आहे? अप्पा त्याचं घर सोडून चाललेत म्हणून पोटात दुखतंय, बाकी काही नाही.

किल्ली संध्याकाळी लाँड्रीतून सोडवून आणली.

१७ फेब्रुवारी

घराचं झालं. आता इमारत. आपण एकटे सुरक्षित राहून काय उपयोग, वरच्यांनी पेटवून घेतलं तर? सेक्रेटरींकडे गेलो. येत्या रविवारी खाली पार्किंगमध्ये माझं व्याख्यान ठेवायचं म्हटलं. विषय: घरातली आग, टाळणे सोपे. सेक्रेटरी पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, ठेवा, फक्त माझी गाडी हलवायला सांगू नका. परवानगी मिळाली.

अप्पांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, बरं. मग म्हणाले, सूनबाईला जरा फोन दे. त्यांचं बराच वेळ चाललं होतं. मी काही कान देऊन ऐकलं नाही, पण ही सारखी हो अप्पा, बघते अप्पा, म्हणत होती. माझं कौतुक चाललं असणार. समोरासमोर कौतुक करायची त्यांना सवय नाही.

२१ फेब्रुवारी

भाषणाची तयारी जोरात. आरशासमोर प्रॅक्टिस. एक वाक्य तर असं सुचलंय की टाळ्या पडणारच: आग कधीही न सांगता येत नाही, ती आधी सूचना देते, आपणच ऐकत नाही. हिला ऐकवलं. ही म्हणाली, आतल्या खोलीत जळका वास येतोय का बघा. मी म्हटलं, हेच! लोकांच्या मनात भीती असते, म्हणून असले भास होतात. हाही मुद्दा भाषणात घालणार.

२२ फेब्रुवारी, सकाळ

खुर्च्या मांडून झाल्या. मेगाफोन प्लगवरून काढून घेतला, फुल चार्ज आहे. ही येत नाही म्हणाली, अप्पांच्या गादीला खोळ घालायची आहे. घरच्यांना किंमत नसते.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ

आज लिहायचा मूड नाही. घरात थोडा धूर झाला.

२३ फेब्रुवारी

वस्तुस्थिती नोंदवून ठेवलेली बरी, नाहीतर लोक तिखटमीठ लावून सांगत सुटतील.

श्रोते बरे जमले होते. लोक इमारतीकडे तोंड करून बसलेले, मी त्यांच्यासमोर उभा, म्हणजे आमच्या खिडक्या माझ्या पाठीमागे. सुरुवात झकास झाली. थोड्या वेळाने वॉचमनने हात वर केला. मी म्हटलं, प्रश्न शेवटी. त्याने दोन्ही हात वर केले. मी सगळ्यांना म्हटलं, बघा, याला म्हणतात जिज्ञासा, पण प्रश्न शेवटी. मग एकेक जण उठून उभा राहायला लागला. डोळे विस्फारलेले, चेहरे गंभीर. वरच्या काकूंनी तर तोंडावर हात धरला. मी मनात म्हटलं, विषय भिडतोय. नेमका त्या सूचना देण्याच्या वाक्यावर आलो, मेगाफोन उंचावला, आणि सेक्रेटरी माझ्या बाजूने धावत गेले. सेक्रेटरींना मी आजवर भरभर चालतानाही बघितलेलं नाही. तेव्हा मागे वळलो.

अप्पांच्या खोलीच्या खिडकीतून काळा धूर लोटत होता. आणि ही आत होती.

मी काय केलं ते नीटसं आठवत नाही. मेगाफोनमधून हिला हाक मारत होतो असं वॉचमन सांगतो. सूचना काही दिल्या नाहीत, नुसती हाक.

मी दारात पोहोचलो तेव्हा आग विझली होती. हिने आधी मेन स्विच पाडला, मग पुसायची बादली, मग पिण्याचा हंडा, मग बाथरूममधलं सगळं पाणी. ही नखशिखांत ओली आणि काळी, पॅसेजमध्ये बसून खोकत होती. एवढ्यात अग्निशामक दलाची गाडी आली. त्यांच्या साहेबांनी विचारलं, कोणी विझवली? मी पुढे झालो. त्यांनी मला बाजूला करून हिच्याशी हात मिळवला आणि तिला ऑक्सिजन लावला.

पुढे मी हिला शांतपणे समजावलं की विजेच्या आगीवर पाणी टाकणं तांत्रिकदृष्ट्या चूक आहे, एक्स्टिंग्विशर वापरायचा. ही मास्क बाजूला करून म्हणाली, मेन पाडला होता, आणि कपाटाची किल्ली कुठे आहे? किल्ली माझ्या खिशात होती. हा मुद्दा तिने चारचौघांत काढायला नको होता.

साहेबांनी अलार्म खाली काढला. शॉवर कॅप वितळून त्याला चिकटली होती. विचारलं, हे काय? मी म्हटलं, फक्त स्वयंपाकापुरती. त्यांनी तो कॅपसकट माझ्या हातात ठेवला.

नुकसान: अप्पांची कॉट, गादी, पडदे, त्या खोलीतलं अर्धं कपाट, वाफेचं मशीन. छत कोळशासारखं. बोर्ड वितळून गोळा झालेत. त्यांच्यावर पांघरलेल्या ब्लँकेटला मात्र काही म्हणजे काही झालं नाही. वस्तू चांगली निघाली.

२४ फेब्रुवारी

हाताशी अजून वेळ आहे. खोली साफ करायची, रंग मारायचा, नवी कॉट आणायची. अप्पांना कळायचंसुद्धा कारण नाही.

परवा साहेब जाताना सांगत होते, पंखा लावू नका, काजळीला ओला हात लावू नका, आधी कोरड्याने काढतात, जमलं तर हे काम करणाऱ्यांना बोलवा. मी म्हटलं, ट्रेनिंग झालंय माझं. दुपारच्या सत्राचा उल्लेख करायचं कारण नव्हतं.

आता साधी गोष्ट आहे. धूर बाहेर काढायचा तर हवा खेळती हवी. वीज परत जोडून मिळाल्या मिळाल्या घरातले सगळे पंखे फुल केले. परिणाम ताबडतोब दिसला. सकाळपर्यंत फक्त अप्पांची खोली काळी होती. दुपारी हॉल, स्वयंपाकघर, आमची खोली, देवाशपथ सांगतो, सगळीकडे सारखी वाटणी झाली. ताटं, उशा, हिच्या साड्यांच्या घड्या, फ्रिजचं आतलं शेल्फसुद्धा. फ्रिज उघडा होता, मी पाणी पीत होतो.

ही बाहेर पायरीवर जाऊन बसली. तिथे हवा चांगली आहे म्हणाली.

२५ फेब्रुवारी

भिंती धुतल्या. बादलीभर साबणाचं पाणी, जुना टॉवेल, आणि जोर. काजळी ही नुसती धूळ असते हा माझा समज होता, पण तिच्यात तेलकटपणा फार. राखाडी भिंत पुसली की काळी होते. काळी पुसली की चकाकते. हॉलची भिंत आता शाळेतल्या फळ्यासारखी दिसते. ही म्हणाली, खडू आणून देऊ का? टोमणे मारायला हिचा घसा बरा चालतो. एरवी बोलताना खोकते.

कपडेही धुऊन काढले. एकदम कढत पाण्यात, कडक. वास गेला नाही, उलट पक्का बसला. माझ्या ऑफिसच्या शर्टाला आता जळक्या लाकडाचा आणि गुलाबाच्या साबणाचा असा मिश्र वास येतो.

दादाचा फोन. मी म्हटलं, किरकोळ धूर झाला होता. तो म्हणाला, सेक्रेटरींनी फोटो पाठवलेत. या इमारतीत खाजगी असं काही उरलेलं नाही. दादा म्हणाला, अप्पा सध्या माझ्याकडेच राहतील. मी म्हटलं, एक मार्च म्हणजे एक मार्च. मग अप्पांनी फोन घेतला. एकच विचारलं, सूनबाई कशी आहे? बरी आहे म्हटलं. तिला भाजलं वगैरे नाही ना? नाही म्हटलं. बरं, म्हणाले आणि फोन दादाकडे दिला.

माझ्याबद्दल काही विचारलं नाही. मी बाहेर होतो हे त्यांना माहीत असणार.

२६ फेब्रुवारी

रंगारी आणला. अतिशय समजूतदार माणूस. मी म्हटलं, काजळीवर डायरेक्ट पांढरा मारला तर? तो म्हणाला, का नाही, मारू की. मी म्हटलं, आधी खरवडणं, वास दाबणारा तो वेगळा हात देणं, याची गरज वाटत नाही. तो म्हणाला, मलाही नाही वाटत. इतक्या वर्षांत माझ्याशी इतका सहमत होणारा माणूस भेटला नव्हता. संध्याकाळी घर पांढरंशुभ्र. फोटो काढून दादाला पाठवला. खाली लिहिलं: आता बोल.

ही नाकाला पदर लावून म्हणाली, रंगाखालून वास येतोय. रंगाचाच आहे, दोन दिवसांत जाईल.

२७ फेब्रुवारी

सकाळी उठलो तर अप्पांच्या खोलीच्या भिंतीवर पिवळट-तपकिरी डाग. दुपारपर्यंत ते खाली ओघळायला लागले. जणू भिंतीला घाम आलाय. रंगाऱ्याला बोलावलं. म्हणाला, भिंत श्वास घेतेय साहेब. दुसरा हात मारला. संध्याकाळी दुसऱ्या हातातूनही डाग आले. रंगारी म्हणाला, मग आपण तपकिरीच रंग मारू या का? समजूतदारपणालाही मर्यादा हवी.

आता प्रश्न फक्त वासाचा. खोल्या-खोल्यांत वाट्या ठेवल्या. कुठे व्हिनेगर, कुठे खायचा सोडा, कुठे कापलेले कांदे, कुठे कॉफी. वरून रूम फ्रेशनर. थोड्या वेळाने घराला जळक्या कोशिंबिरीवर अत्तर शिंपडल्यासारखा वास यायला लागला. शेवटचा उपाय म्हणून सुगंधी मेणबत्त्या लावल्या, अप्पांच्या खोलीत, ओळीने. ही आली. एकेक फुंकून विझवली. काडेपेटी उचलून पर्समध्ये टाकली. मग त्याच पर्समध्ये स्वतःचं औषध, चष्मा आणि कंगवाही टाकला.

म्हणाली, मी दादांकडे जाते. वहिनींनी बोलावलंय. इथे माझ्या छातीत घरघर होते. मी म्हटलं, दोन दिवसांवर अप्पा आलेत आणि तू घर सोडून चाललीस? ही म्हणाली, तुम्हीही चला. मी म्हटलं, कोणीतरी पहारा द्यायला हवा. कसला पहारा, तिने विचारलं. मी कांद्याच्या वाट्या सरळ केल्या.

गेली. घर एकदम शांत झालं. माझ्याही घशात खवखवतंय, पण ते बोलण्यामुळे असेल.

२८ फेब्रुवारी

दादाने न विचारता धूर साफ करणाऱ्या कंपनीची माणसं पाठवली. तोंडाला मास्क, मोठा व्हॅक्यूम, आणि कोरडे स्पंज. कोरडे! वर म्हणतात, नवा रंगही खरवडावा लागेल, पडदे-गाद्या टाकाव्या लागतील, आणि काम होईपर्यंत घरात कोणी राहायचं नाही. मी दारातूनच परत पाठवली. ज्यांना भिंत ओल्या फडक्याने पुसतात हेही ठाऊक नाही त्यांच्याकडून मी काय शिकणार?

नवी कॉट आली, नवी गादी आली. अप्पांना आवडते तशी कडक. चादर घातली, कोपरे ओढून बसवले. मोठ्या उशीच्या बाजूला छोटी उशी ठेवली, त्यांना पाठीला लागते. खोली चांगली दिसते, दिवा बंद असला की डाग दिसत नाहीत. उद्या दिवसा येणार आहेत, तर पडदे ओढून घ्यायचे.

लहानपणी ताप आला की अप्पा कारखान्यातून आल्या आल्या माझ्या कपाळावर हात ठेवायचे. त्यांच्या हाताला तेलाचा आणि कोळशाचा वास असायचा. मला आवडायचा तो वास. हे मध्येच का आठवलं, कोण जाणे.

उद्या सगळं व्यवस्थित होईल.

१ मार्च, रविवार

आले.

दादाच्या गाडीतून उतरले, काठी टेकत दारापर्यंत आले. मी अख्खा फ्रेशनर मारून ठेवला होता. या अप्पा म्हटलं. त्यांनी उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं आणि खोकला सुरू झाला. साधा नाही. थांबेचना. ओठ निळसर झाले. मी पाणी आणायला धावलो, पेल्याच्या आत काजळीचा थर निघाला, दुसरा घेतला, त्यातही तेच. वाफेचं मशीन आणायला वळलो आणि आठवलं की ते जळालं. तेवढ्यात दादाने खिशातला पंप काढून त्यांच्या तोंडाला लावला होता आणि दोन्ही हातांनी त्यांना धरून बाहेर मोकळ्यावर नेलं होतं. मी पेला घेऊन दारात उभा.

बऱ्याच वेळाने त्यांचा श्वास जागेवर आला. गाडीत बसले, काच खाली केली आणि मला बोलावलं. मी तयारीच करून ठेवली होती, डाग कसे सुकतील, वास कसा जाईल, आठवडाभराची मुदत कशी पुरेल. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, दोन कपडे घे आणि गाडीत बस. मी म्हटलं, अप्पा, घराला पहारा... ते म्हणाले, बस म्हटलं ना.

पन्नाशीचा माणूस मी. बसलो.

जाता जाता दादाने कोरड्या स्पंजवाल्यांना फोन लावला. घराची किल्ली मागितली. कपाटाचीही दिली.

२ मार्च, दुपार. दादाचं घर

रजा काढली आहे. आमच्या घरी सफाई सुरू झाली. वेळ लागेल म्हणतात, रंग तर सगळाच काढायचा. ही वहिनीबरोबर औषध आणायला गेली होती, आत्ताच दोघी परत आल्या. हिचा खोकला कमी आहे. सकाळी माझ्या ताटात तिने न विचारता दुसरी पोळी वाढली, म्हणजे राग उतरतोय.

मला अप्पांच्या खोलीत गादी दिली आहे, त्यांच्या कॉटला लागून. जेवण झाल्यावर ते आडवे झाले, मी खाली बसलो. म्हटलं निदान मनातलं एक तरी सांगावं. म्हटलं, अप्पा, माझ्यामुळे तुम्हाला परत हे जिने आले. थोडे दिवस कळ काढा, घर झालं की मी तुम्हाला नेतो.

अप्पा म्हणाले, जिन्यांचं काही नाही रे. मी सावकाश चढतो. मधल्या वळणावर बसतो जरा. जिन्यांचं निमित्त मीच काढलं होतं, तुझ्या दादाला आणि तुला वाईट वाटायला नको म्हणून.

मला एकदम बरं वाटलं. म्हणजे मी म्हणत होतो तेच. मी विचारलं, मग तुम्ही माझ्याकडे यायचं का ठरवलंत?

ते छताकडे बघत म्हणाले, तुझ्यावर लक्ष ठेवायला घरात कोणीतरी हवं होतं. सूनबाई एकटी कुठे कुठे बघणार? बॉयलरवर होतो तेव्हा पाळी संपली तरी दुसरा माणूस आल्याशिवाय मी जागा सोडत नसे. तशी झोपच लागेना मला इथे. म्हटलं, आपण जाऊन बसावं तिथे, डोळ्यासमोर असलेलं बरं. आता तू इथेच आलास. माझं जायचं कारण संपलं.

यावर मी काहीतरी उत्तर देणार होतो. सर्टिफिकेटचं सांगणार होतो. पण त्यांनी हात खाली सोडून माझ्या डोक्यावर ठेवला, दोनदा थोपटलं, कुशीवर वळले आणि घोरायला लागले.

मला वाटलं होतं, त्यांनी मला निवडलं. दादाला सोडून मला. फार वाईट वाटलं. अजून वाटतंय.

वहिनी दारातून डोकावली. तोंडावर बोट ठेवून हळूच म्हणाली, भाऊजी, आवाज करू नका हं, कित्येक महिन्यांनी अप्पांना दुपारची झोप लागलीय. जाताना तिने माझ्या गादीशेजारच्या टेबलफॅनची पिन भिंतीतून काढली आणि फॅनच उचलून बरोबर नेला.